मागच्या बराकीची किल्ली

"ए पेंटर! मागच्या दाराने ये! हे साहेब लोकांचं गेट आहे, दिसत नाय का? आणि शिडी-बादली कुठे टाकून आलास?"

जेलरचा आवाज असा, की उल्हास नदीतले मासे उलटे पोहायला लागले असतील. मी मागे वळून बघितलं, कोण पेंटर आलाय म्हणून. मागे कुणीच नव्हतं.

अंगात माझ्या उल्हासनगरच्या कॅम्प पाचला शिवलेला सफारी. इस्त्री अशी की कडेला बोट लावलं तर रक्त यावं. खिशात कलेक्टर ऑफिसचं पत्र. तरी त्याने ओळखलं. नखांवरून. तीस वर्षं चुना मारलेली नखं ती. माझ्या लग्नातही पांढरी होती, सरणावरही राहतील.

पेंटर म्हटल्याचं दुःख नाही. मी पेंटर आहेच. अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत माझा हात फिरला नाही अशी भिंत दाखवा, बिदागी देतो. दुःख मागच्या दाराचं. माझ्या बापाने छप्पन साली दीक्षा घेतली ती असली दारं कायमची बंद व्हावीत म्हणून. आणि दोन हजार चार-पाच साली त्याच्या पोराला एक सरकारी माणूस तेच दार दाखवत होता.

मी पत्र काढून दिलं. जेलरने ते वाचलं. मग मला वाचलं, वरून खाली.

"अच्छा," तो म्हणाला. "कोट्यातले मेंबर."

समजावून सांगतो. आमच्या तिन्ही गावांचे, म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरचे कच्चे कैदी ज्या जेलात कोंबायचे, तिथे पाहणीसाठी एक समिती होती. बिनपगारी, स्थानिक माणसांची. कैद्यांना पाणी मिळतं का, जेवण कसं आहे, झोपायला जागा आहे का, हे जाऊन बघायचं. जेलचं नाव सांगत नाही. सांगितलं तर भिंतसुद्धा माझ्यावर दावा ठोकेल. समितीत एक जागा आमच्या समाजाची. आमच्या वस्तीच्या, बुवापाड्याच्या मंडळाने माझं नाव पाठवलं, कारण मंडळात सगळ्यात मोठा आवाज माझा.

समितीचे अध्यक्ष एक वकीलसाहेब. ते आतून हसत आले. "घ्या हो आत. आमचेच आहेत ते." जणू त्यांची छत्री बाहेर राहिली होती.

ऑफिसात टेबलावर वही उघडी. बारीक सुंदर अक्षरात आधीच लिहिलेलं : 'समितीने पाहणी केली. सर्व व्यवस्थित आढळले.' अजून आम्ही खुर्चीतून उठलोसुद्धा नव्हतो. बाकीच्यांनी चहा पितापिता सह्या ठोकल्या. माझी पाळी आली तेव्हा जेलरने पेन आपल्या खिशाला लावलं आणि स्टॅम्पपॅड माझ्याकडे सरकवला.

मला विचारलंसुद्धा नाही.

"सही येते मला," मी म्हणालो. "बघून आल्यावर करतो."

वकीलसाहेब खोकले. जेलर उठला.

बराक बघितली. वा! बारा माणसं, बारा घोंगड्या, भिंती दुधासारख्या. माझ्या साळ्याचं घर एवढं स्वच्छ नाही. पण नाकात ओला चुना शिरला. तो वास मला झोपेतही कळतो. भिंतीला तळवा लावला. ओला. चुना अंगाला लागू नये म्हणून घालतात तो डिंकसुद्धा घातला नव्हता, हरामखोरांनी. कालच संध्याकाळी मारलेला.

मग मी त्या बारा जणांच्या मागे गेलो आणि पाठी बघितल्या.

एकाच्याही पाठीला पांढरा ठिपका नाही.

आता मला सांगा. एवढ्याशा खोलीत बारा माणसं रात्रभर राहिली, आणि एकही भिंतीला टेकला नाही?

मी सफारीसकट भिंतीला टेकलो.

"अहो मिस्त्री, कपडे!" वकीलसाहेब ओरडले.

मी वळून पाठ दाखवली. "साहेब, एका टेकण्यात माझं हे झालं. हे लोक इथे राहतात ना? मग यांच्या पाठी कोऱ्या कशा? कुठून आणून बसवलं यांना?"

बारा जणांतल्या एकाने मान न हलवता फक्त डोळे डावीकडे नेले. तिकडे हिरवं दार. दाराला कुलूप.

"ते गोडाऊन आहे," जेलर म्हणाला.

आतून कुणीतरी खोकलं. लांब, ओला खोकला.

"गोडाऊन खोकतंय, साहेब," मी म्हणालो.

"किल्ली हवालदाराकडे आहे. हवालदार कोर्टात गेलाय. उल्हासनगरला."

"येऊ द्या. बसतो मी." आणि बसलो खाली, पाठ भिंतीला.

वकीलसाहेब वाकून कानाशी आले. "तमाशा नको. आपण इथे पाहुणे आहोत."

"पाहुणे तुम्ही, साहेब. मला मागच्या दाराने बोलावलं होतं. मागचंच दाखवा."

ते गेले. बाकीचेही गेले. नाक्यावर सांगताना मी दोन दिवस बसलो असं सांगतो. खरे दोन तास. हवालदार काही आला नाही. किल्ली जेलरच्या ड्रॉवरमधून आली.

दार उघडलं. इथे मी वाढवून सांगत नाही. वाढवायला जागाच नव्हती. पन्नासेक माणसं, अर्धी उभी, कारण अर्धी बसलेली होती. पाळीपाळीने बसायचं. कोपऱ्यात मोरी. तिच्या कडेला तो खोकणारा म्हातारा, शिरगावचा. तीन वर्षं तारखा चालू, खटला चालू नाही.

"मेंबर का?" त्याने विचारलं.

"हो. तुमचं नाव सांगा, बाबा. वहीत लिहितो."

"नको लिहू. तू जाशील घरी. आम्ही इथंच असणार." तो पुन्हा खोकला. मग म्हणाला, "तुझं पत्र वाचलंस का? मेंबरला कधीपण येता येतं, न सांगता. त्यात लिवलेलं असतं. आजवर एकपण मेंबर आला नाय तसा."

माझा हात खिशातल्या पत्राकडे गेला.

ते पत्र मी सगळ्या बुवापाड्याला दाखवलं होतं. रिक्षा स्टँडला दाखवलं, चहावाल्याला दाखवलं, ज्याचं घर रंगवत होतो त्या कॅम्प चारच्या सिंधी शेठला दाखवलं. तो म्हणाला, "वाह साईं, साहब बन गया!" एका बकरीलाही दाखवलं असेल. पण वाचलं नव्हतं. मला तो खुर्चीचा कागद वाटला होता. त्यावर बसायचं, मिरवायचं. जेलरने सरकवलेला स्टॅम्पपॅड लागला नव्हता एवढं हे लागलं.

ऑफिसात गेलो. जेलरच्या खिशातून पेन मागून घेतलं. त्या सुंदर अक्षराखाली माझ्या वाकड्या अक्षरात लिहिलं : 'मागची बराक कुलूपबंद होती. उघडायला लावली. माणसांना आडवं व्हायला जागा नाही.' कुणाचं नाव घातलं नाही. सही केली, पूर्ण नावाची.

"तुमचं नाव कट होणार," जेलर म्हणाला.

"होईल तेव्हा होईल."

गेटबाहेर उभा राहून पत्र वाचलं. पहिल्यांदा. होतं त्यात, चौथ्या ओळीत.

मग कळलं, वहीतल्या माझ्या ओळी, माझी सही, माझी पांढरी पाठ, सगळं आजचंच. उद्या सकाळी त्या म्हाताऱ्याची पाठ कोण बघणार? कोण बोललं ते हुडकून काढायला त्यांना एक रात्र पुरे. त्यांना धाक कशाचा वाटेल? लिहिलेल्याचा नाही. वही कपाटात जाते. धाक वाटेल तो पुन्हा येणाऱ्या माणसाचा. कधी येईल ते माहीत नसलेल्या माणसाचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गेलो. कॅम्प चारचं काम टाकलं, शेठच्या शिव्या खाल्ल्या. सफारी धुवायला होता, म्हणून कामाच्या कपड्यांत गेलो, रंगाचे डाग पडलेल्या. पुढच्या गेटवर उभा राहून कडी वाजवली. जेलर बनियनवर, तोंडात ब्रश. मला बघून फेस थुंकला.

"आज पाहणीचा दिवस नाहीये."

"माहितेय," मी म्हणालो. "उघडा."