टॉवेलचं पोट

माझ्या पोटात सध्या अर्धी वाटी मावते. हे वाक्य मी आजकाल कुठेही, कुणालाही, न विचारता सांगतो. बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाला, म्हैसूरच्या कुवेंपुनगरातल्या आमच्या इस्त्रीवाल्याला, लग्नात माझ्या पानाकडे बघून हळहळणाऱ्या अनोळखी बाईंना. सांगताना तळहाताची वाटी करतो, डोळे मोठे करतो आणि मग जरा थांबतो. ही थांबायची कला मला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्यापेक्षा जास्त जमते. आमच्या मराठी मंडळाच्या नाटकांत मी पंचवीस वर्षं कामं करतोय. भूमिका ठरलेल्या: सावकार, सासरा नाहीतर राजा. अभिनयाचा प्रश्न नव्हता, तेवढं पोट दुसऱ्या कुणाकडे नव्हतं.

पण एका व्यक्तीला हे वाक्य सांगायला मला चार महिने लागले. तेही मी सांगितलं नाहीच. ते माझ्या अंगावरून ओढून काढावं लागलं.

ती व्यक्ती म्हणजे अक्का, माझी थोरली बहीण. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. तासाभरावरच्या नंजनगूडला एकटी राहते. भावजी जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी पुण्याला, आणि गुडघे असे की कोपऱ्यावरचं देऊळ हाच तिचा परदेश. आमचं घराणं चार पिढ्या म्हैसूरकडचं. घरात मराठीच बोलतो, पण त्यात कन्नड इतकं कालवलेलं की नागपूरहून लग्न होऊन आलेली माझी बायको पहिलं वर्षभर नुसती मान डोलवत होती. अक्का मला आजही 'तम्मा' म्हणते, म्हणजे धाकटा भाऊ. मी पन्नाशी ओलांडली, केस पिकले, तरी मी तम्माच.

आई शाळेत शिकवायला जायची, त्यामुळे मला भरवलं ते अक्कानं. भरवता भरवता त्याचा खेळ झाला. भाऊबीजेला ती वाढत राहायची आणि मी खात राहायचो. मी 'साकु' म्हटलं, म्हणजे पुरे म्हटलं, की मी हरलो. तिच्या पातेल्याचा तळ दिसला की ती हरली. मला आठवतंय तेव्हापासून मी एकदाही साकु म्हटलेलं नाही. पातेली मोठी होत गेली, मीही होत गेलो. भावजी हयात असताना पंचासारखे शेजारी बसून आमचे घास मोजायचे.

ते गेल्यावर अक्का स्वतःसाठी नुसता दहीभात कालवायला लागली. "एकटीसाठी कोण फोडण्या घालत बसतंय," म्हणायची. तिच्या घरात सगळी भांडी चुलीवर चढायची ती मी जाणार असलो तरच. हे मला नीट माहीत होतं. म्हणूनच पुढची सगळी बनवाबनवी झाली.

ऑपरेशनचं कारण म्हणजे सिंहासन. मंडळाच्या नाटकात दुसऱ्या अंकात मी राजा म्हणून ऐटीत बसलो आणि सिंहासन माझ्यासकट खाली गेलं. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, राज्य बुडालं हे दिग्दर्शकानं असं दाखवलंय. मला उठवायला प्रधान, सेनापती आणि शत्रूचा राजा असे तिघे लागले. घरी येऊन वजन केलं तर एकशे एकतीस किलो. साखर आधीपासून वाढलेली, गुडघे अक्काशी स्पर्धा करणारे, घोरणं तर भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनाही पाठ. आषाढात मी पोटाचा बायपास करून घेतला. डॉक्टरांनी जठराचा एक छोटासा कप्पा करून बाकीचं जठर बाजूला ठेवलं. म्हणजे भलामोठा वाडा असताना मला जिन्याखालच्या खोलीत राहायला सांगितलं.

अक्काला सांगितलं, पित्ताशयातला खडा काढला.

बायको म्हणाली, "अहो, खरं सांगून टाका. त्या समजून घेतील."

"समजून घेईल गं. आणि दुसऱ्या दिवसापासून दहीभात खाईल."

आमच्या गावात लोक भेटले की 'कसे आहात' विचारत नाहीत, 'ऊट आयता' विचारतात, म्हणजे जेवण झालं का. अक्का हाच प्रश्न रोज दुपारी दीड वाजता फोनवर विचारते. ऑपरेशननंतरचे पहिले दोन आठवडे माझ्या जेवणात डाळीचं गाळलेलं पाणी, पातळ ताक आणि ओल्या खडूच्या चवीची प्रोटीनची पावडर होती. तेही औषधाच्या इवल्याशा कपातून, घोट घोट. तो कप हातात धरून मी अक्काला सांगायचो, "आज बिसिबेळे भात होता. वर भाजलेले काजू, बाजूला बुंदी, आणि तूप असं की चमचा मधोमध उभा राहील."

"आणि पापड?"

"पापडाशिवाय? अक्का, तू मला ओळखतेस ना?"

पहिल्यांदा मला वाटलं, आपण खोटं बोलतोय. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, आपण उत्तम जेवतोय. कपातला ताकाचा घोट आणि तोंडात वांग्याचं गोज्जु, चिंचगुळाचं, दाट. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकायची. एकदा म्हणाली, "माझ्या हातचं जेवून एवढं वर्णन कधी केलं नाहीत."

आहारतज्ज्ञ बाई माझ्या विद्यार्थिनीच्या वयाच्या, पण शिस्त अशी की मी त्यांच्यासमोर उभा राहूनच उत्तरं द्यायचो. प्रत्येक घास पंचवीस वेळा चावायचा. जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तासही नाही. आधी पनीर, डाळ, दही, मग जागा उरली तर भात. दिवसातून सहा वेळा, चिमूट चिमूट. आणि गोड बंद. "गोड खाल्लंत तर ते सरळ आतड्यात धावत जाईल, सर. मग घाम येईल, छाती धडधडेल, जमिनीवर आडवे व्हाल." मी मान हलवली. मनात म्हटलं, सावकाराच्या भूमिकेत याहून जास्त घाम गाळलाय. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मी डोळे मिटून चावणं मोजायला लागलो, तर सहकाऱ्यांना वाटलं ऑपरेशननंतर सर देवधर्माला लागले. एक जण तर हळूच विचारून गेले, कुठला मंत्र?

चार महिन्यांत पस्तीस किलो गेले. केसही गळले, पण त्याबद्दल कुणी अभिनंदन केलं नाही. अक्काला भेटायचं मी गुडघे, परीक्षा, पाऊस अशी सबबींची माळ लावून टाळलं. पण भाऊबीज काही टळेना.

आता इथे शहाणा माणूस काय करेल? फोन करेल. मी काय केलं? कपाट उघडलं, सिंहासनाच्या काळातला झब्बा काढला आणि पोट तयार केलं. एक अंघोळीचा टॉवेल गुंडाळून खाली, एक आडवा वरून, चार सेफ्टी पिना आणि बायकोच्या जुन्या साडीची पट्टी. झब्ब्याच्या दोन्ही खिशांत प्लॅस्टिकच्या पिशव्या पसरून बसवल्या. आरशासमोर उभा राहिलो. चार महिन्यांनी जुना मित्र भेटावा तसा आनंद झाला.

बायकोनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "पोट काढायला डॉक्टर लागला," ती म्हणाली, "आणि बसवायला सेफ्टी पिना."

नंजनगूडच्या गाडीत एका बाईंनी सरकून मला जागा दिली. दोन माणसांची. कार्तिकातही त्या टॉवेलांत मला असं उकडत होतं की उतरताना घामानं भिजून पोट मूळ वजनाच्या जवळ आलं असावं.

अक्का दारातच होती. मला बघून म्हणाली, "चेहरा उतरलाय रे तम्मा. पोट आहे तसंच आहे, पण गाल कुठे गेले?"

"खड्याचं ऑपरेशन, अक्का. गालावरून जातं ते."

रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसानं हे वाक्य उच्चारलं, याची नोंद कुठेही होऊ नये.

गुडघ्यांमुळे हल्ली पाटाऐवजी खुर्ची असते. मी बसलो, तिनं ओवाळलं, मी नमस्काराला वाकलो आणि पोट डावीकडे सरकलं. मी हात जोडायच्या निमित्तानं ते कोपरानं परत जागेवर आणलं. घरात फोडण्यांचा घमघमाट होता. केळीचं पान मांडलेलं, त्यावर कोसंबरी, म्हणजे भिजवलेली मुगाची डाळ, काकडी आणि ओलं खोबरं. ती मी खरोखर खाल्ली, पंचवीस पंचवीस वेळा चावून.

"काय मोजतोस रे?"

"तुझे उपकार."

मग होळिगे आलं. तुम्ही पुरणपोळी म्हणता ते, पण अक्काचं इतकं पातळ की आतलं पुरण बाहेरून दिसावं. मी ठरवलं होतं, ती गरम आणायला आत गेली की खिशात. पण ती समोर खुर्ची ओढून बसली. "पहिलं माझ्यासमोर खा. तोंड बघू दे तुझं."

तूप घातलेला पहिला घास तोंडात गेला आणि चार महिने फोनवरून जेवलेली सगळी जेवणं फिकी पडली. मी थांबायला हवं होतं. मी अख्खं होळिगे खाल्लं. वर तिनं दिलेलं दूधही प्यायलो. मग ती आत गेली, दुसरं आणलं, ते खिशात. तिसरं खिशात. चौथंही खिशात घातलं तेव्हा डाव्या खिशातली पिशवी फाटलेली होती आणि तूप मांडीवरून खाली निघालं होतं.

"अजून साकु नाही?" अक्का उजळली होती. ती आत पळत होती, त्या गुडघ्यांनी, अक्षरशः पळत.

"नाही," मी म्हटलं. आणि तेवढ्यात आहारतज्ज्ञ बाईंचा शब्द न् शब्द खरा झाला. आधी कानशिलं गरम झाली. मग असा घाम फुटला की पानावर टपटप. छातीत कुणीतरी तबला वाजवायला लागलं, पोटात पीळ पडला, आणि मी खुर्चीवरून घसरत जमिनीवर आडवा झालो. नाटकात मी तीनदा मेलोय, इतकं चांगलं कधीच नाही.

"अय्यो देवा! तम्मा!" अक्का धावली. तिला वाटलं, हृदय. भावजी असेच गेले होते, जेवता जेवता. ते मला त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं. तिनं झब्ब्याच्या गुंड्या तोडल्या, हवा लागावी म्हणून. आत हात घातला. टॉवेल बाहेर आला. तिनं तो बाजूला टाकला, परत हात घातला. साडीची पट्टी आली, ती निघतच राहिली, निघतच राहिली. मग दुसरा टॉवेल. मग खिशातून एक होळिगे, दुसरं होळिगे, तिसरं.

एका हातात टॉवेल, दुसऱ्या हातात होळिगे, अशी ती बसून राहिली. माझ्या ओसरलेल्या पोटाकडे बघत म्हणाली, "तम्मा, तुझं पोट कुठे गेलं रे?"

मी तसाच आडवा पडून सगळं सांगितलं. हृदयाला काही झालेलं नाही, गोड बाधलंय, तासाभरात उतरेल, हे आधी. मग बाकीचं. सिंहासन, बायपास, अर्धी वाटी. ती हुंदके देत होती आणि टॉवेलनं माझा घाम पुसत होती. त्याच टॉवेलनं.

"मला मारणार होतास तू आज," ती म्हणाली. "सुम्ने, नुसता एक फोन करायला काय झालं होतं?"

"तू परत दहीभातावर जाशील म्हणून."

तिनं टॉवेल खाली ठेवला. मग म्हणाली, "ते फोनवरचं? बिसिबेळे?"

"डाळीचं पाणी."

"गोज्जु?"

"ताक."

"मुंडा," ती म्हणाली. ही आमच्याकडची जुनी, प्रेमळ नसलेली शिवी आहे. "तू जे खाल्लं म्हणून सांगायचास, ते मी दुसऱ्या दिवशी करायचे. रोज. मला वाटायचं, तो तिकडे एवढं चवीनं खातोय आणि मी काय दह्यात बोटं घालत बसलेय. चार महिने जेवतेय मी तुझ्या नादानं. ब्लाऊज बसत नाहीत मला!"

मी बघितलं. अक्का खरंच भरली होती. माझे गेलेले किलो कुठे गेले याचा थोडाफार पत्ता लागला.

तासाभरानं धडधड थांबली. अक्का आतून एक छोटी वाटी घेऊन आली, कोसंबरीनं अर्धी भरलेली. समोर बसली. "खा. चाव. मी मोजते." तिनं खरंच मोजलं, मोठ्यानं, कन्नडमध्ये. शेवटच्या घासाआधी माझ्या छातीशी तो ओळखीचा दाब आला, हल्ली येतो तो, पुढे नको असं सांगणारा. मी वाटी खाली ठेवली. अक्का माझ्या तोंडाकडे बघत होती. मी बघितलं, ती दुःखी नव्हती. ती वाट बघत होती.

"साकु," मी म्हणालो.

अक्का उठली. गुडघे धरून उठली, खिडकीपाशी गेली आणि शेजारणीला ओरडून सांगितलं, "हरला! माझा भाऊ हरला!" शेजारीण बिचारी धावत आली, कुठे पडला, कुठे लागलं विचारत. तिनं जमिनीवरचे टॉवेल, साडीची पट्टी आणि तीन होळिगे बघितले आणि काहीही न विचारता परत गेली.

आता फोन रोज दीडलाच येतो. मी दोन चमचे पनीर आणि डाळ घेऊन बसलेला असतो, हे तिला ठाऊक असतं. तरी विचारते, "ऊट आयता?"

"झालं," मी म्हणतो.

"काय होतं? आणि हे बघ, खरं सांगू नकोस. नीट सांग. मला उद्या करायचंय."

मग मी चमचा खाली ठेवतो, घसा साफ करतो आणि जेवायला बसतो.