डिप्लोमावाल्याच्या मुलीचं गणित

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी माझ्या मुलीला तिचं अकरावीचं गणित बदलायला लावलं. ते तिच्यासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून लिहितो आहे.

इथे कॅनडात, ऑन्टारिओत, पुढच्या वर्षीचे विषय मुलं हिवाळ्यातच ऑनलाइन निवडतात. प्रत्येक विषयाला एक लेव्हल असते. यू म्हणजे युनिव्हर्सिटीच्या वाटेचा, सी म्हणजे कॉलेजच्या वाटेचा, आणि एम दोन्हीकडे चालणारा. कॉलेज म्हणजे इथे डिप्लोमा देणारी, हाताने काम करायला शिकवणारी जागा. मुलीला कॉलेजमध्ये इलेक्ट्रोमेकॅनिकलचा डिप्लोमा करायचा होता. शाळेच्या रोबोटिक्स क्लबमध्ये बाकीची मुलं लॅपटॉपभोवती कोंडाळं करून बसत, आणि ही टेबलाखाली वायरिंग करत असे. तिने गणित एम लेव्हलचं घेतलं होतं. आईवडिलांनी अप्रूव्ह केल्याशिवाय निवड पुढे जात नाही, म्हणून तिने मला हाक मारली. मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो.

"हे यू कर."

"का?"

"सगळे दरवाजे उघडे राहतात."

"बाबा, मला एकाच दरवाजातून जायचंय."

"सोळाची नाहीस अजून. कर."

तिने केलं. ओट्याशी बायको पोळ्या लाटत होती. लाटणं क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. त्या थांबण्याचा अर्थ मला कळला होता. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू झाले आणि गणित तिच्या हातातून सुटायला लागलं. मी ट्यूशन लावली. ट्यूशन आणि रोबोटिक्स एकाच संध्याकाळी येत होतं, म्हणून रोबोटिक्स सुटलं. तेही मीच ठरवलं. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती भांडली नाही. जेवायला खाली यायची, ताट धुवायची, वर जायची.

नोव्हेंबरमध्ये मिडटर्मचे मार्क आले. जेमतेम पास. त्यानंतर पालकांच्या भेटीची संध्याकाळ होती. गणिताच्या बाई वयाने माझ्याहून लहान, शांत बोलणाऱ्या.

"ती आळशी नाही," त्या म्हणाल्या. "घरी अभ्यास करते, तो दिसतो. तिला पुढे काय करायचंय ते तुम्हाला माहीत आहे ना?"

"हो."

"मग ती या वर्गात का आहे?"

त्यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं. त्या म्हणाल्या, पुढच्या शुक्रवारपर्यंत एमच्या वर्गात बदली मिळू शकेल. त्यानंतर हेच गणित आणि हेच मार्क. कॉलेजच्या त्या कोर्सला जागा कमी असतात, आणि ते गणिताचे मार्क बघतात. म्हणजे दरवाजे उघडे ठेवण्याच्या नादात, तिला ज्यातून जायचं होतं तोच दरवाजा मी लावत होतो.

मुलगी पार्किंगमध्ये गाडीत मागच्या सीटवर बसून होती. मी गाडी सुरू केली, हीटर लावला, पण निघालो नाही.

"एम घे," मी म्हणालो. "सोमवारी मी शाळेत गाइडन्सला फोन करतो."

मला वाटलं होतं ती सुटकेचा श्वास टाकेल. ती म्हणाली, "नो."

"का?"

"आता ड्रॉप केलं तर सगळे अंकल लोक विचारणार, व्हाय डिड शी ड्रॉप. तू सगळ्यांना सांगितलंयस मी यू घेतलंय. आता मी स्टुपिड दिसणार. तू नाही."

हे खरं होतं. मी सगळ्यांना सांगितलं होतं.

मग मी तिला माझं सांगितलं. आमच्या बैठकीत माझं डिग्रीचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय. त्याआधीचं एक सर्टिफिकेट फाइलमध्ये आहे. दहावीनंतर मी पॉलिटेक्निकला गेलो, डिप्लोमा केला, आणि मग इंजिनिअरिंगला डायरेक्ट सेकंड इयरला प्रवेश घेतला. बारावी करून आलेली मुलं आम्हाला 'डिप्लोमावाले' म्हणायची. लेथवर आमचे हात त्यांच्यापेक्षा चांगले चालायचे, पण गणिताच्या तासाला आम्ही मागच्या बाकांवर. तो शब्द माझ्या पाठीला चिकटला तो निघालाच नाही. इथे आल्यावर मी तो कुणाला सांगितला नाही. तिलाही नाही.

"आणि गणितात नापास झालो होतो," मी म्हणालो. "एम-थ्री म्हणून पेपर असायचा. एकदा राहिला."

ती दोन सीटांमधून पुढे वाकली. "म्हणजे तू स्वतः कॉलेज रूटने आलास. अँड यू मेड मी डू धिस."

"हो."

"मग अंकल लोकांना तू सांग. मी नाही सांगणार."

"मी सांगतो," मी म्हणालो.

त्या शनिवारी आमच्याच गावात, व्हिटबीत, एका रिटायर्ड इंजिनिअर काकांकडे तुळशीचं लग्न होतं. थंडीमुळे तुळशीची कुंडी घरात, खिडकीशी, तिच्यावर झाडांसाठीचा ग्रो लाइट. मंगलाष्टकं झाली, अक्षता टाकल्या, आणि दर वर्षीप्रमाणे पुरुष मंडळी ताटं घेऊन बेसमेंटमध्ये उतरली.

"काय, पोरगी काय म्हणते?" काकांनी विचारलं. "वॉटर्लू युनिव्हर्सिटी ना?"

"नाही. यू गणित सोडतेय. पुढे कॉलेजला जाणार."

चमचे जरा हळू झाले. एकजण लगेच म्हणाला, "अरे घाबरू नकोस, माझ्याकडे ट्यूटर आहे. मुलांना घासून काढतो."

"ट्यूटर करून झाला. चूक तिची नाही, माझी आहे. तिने एमच घेतलं होतं, मी बदलायला लावलं."

"पण म्हणजे शेवटी डिप्लोमाच ना?" त्याने विचारलं.

"हो. मीही डिप्लोमावालाच आहे. डायरेक्ट सेकंड इयर. एम-थ्री तीनदा राहिला."

"तरीच!" तो म्हणाला. "तरीच घरातला हीटिंगचा फर्नेस बिघडला की तू स्वतः उघडतोस. आम्ही फोन करून माणसाची वाट बघत बसतो."

लोक हसले. मीही हसलो. काका हसले नाहीत. वाकून हलक्या आवाजात म्हणाले, "ठीक आहे. पण असलं मुलांपुढे बोलू नये."

जिन्यावर उसाच्या करव्यांचं ताट घेऊन माझी मुलगी उभी होती.

"मुलांपुढेच बोलायचं होतं, काका," मी म्हणालो.

घरी जाताना ती पुढच्या सीटवर बसली. बऱ्याच महिन्यांनी.

"तीनदा?" तिने विचारलं. "मला तर एकदा म्हणालास."

"तीनदा."

"बाबा, दॅट्स रिअली बॅड."

"हो."

सोमवारी मी फोन केला. एमच्या वर्गात एक जागा होती, पण शेवटच्या तासाला. त्यासाठी तिला ड्रामा पुढच्या सेमिस्टरला ढकलावा लागला, आणि ड्रामात तिची मैत्रीण होती. ते नुकसान तिने सोसलं, मी नाही. गाइडन्सच्या बाईंनी जाता जाता सांगितलं की, एमनंतर बारावीत टेक्नॉलॉजीचं गणित घेता येतं, आणि पुढे वाटलंच तर तिथून युनिव्हर्सिटीच्या गणिताकडेही वाट आहे. म्हणजे मी ज्याची भीती घातली होती तो दरवाजा एमने बंद होतच नव्हता. मी चौकशीच केली नव्हती. एका शब्दाला घाबरलो होतो.

ट्यूशन बंद केली. रोबोटिक्सची टीम तोवर भरली होती. ती सुटे भाग लावायला आणि आवरायला मदत म्हणून जाते आहे, पुढच्या वर्षी परत घेतील का माहीत नाही.

या फेब्रुवारीत तिने बारावीचे विषय निवडले. मी मुद्दाम ओट्याशी पोळ्या लाटत उभा राहिलो. माझ्या पोळ्या गोल होत नाहीत.

"बाबा, अप्रूव्ह कर."

मी हात पुसून आलो. गणित टेक्नॉलॉजीचं, कॉलेजच्या वाटेचं. त्याखाली फिजिक्स होतं, यू लेव्हलचं.

"हे यू का?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. "कारण मला फिजिक्स आवडतं."

अवघड जाईल, मार्क पडले तर, सी घेतलंस तर बरं, अशी वाक्यं जिभेवर रांगेत उभी होती. मी ती गिळली. हे मला पुढेही करावं लागणार आहे, रोज, आणि मी ते करणार आहे. अप्रूव्हवर क्लिक केलं आणि पोळी करपायच्या आत तव्याकडे गेलो.