अंतरपाटातून दिसलेलं नाक

माझ्या नातीनं जाहीर केलं की तिच्या लग्नात प्लास्टिकचा एक कपटाही दिसणार नाही. जाहीर म्हणजे घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यादीच टाकली. थर्माकोल नाही, फ्लेक्स नाही, खोटी फुलं नाहीत, पाण्याच्या बाटल्या नाहीत, डीजे नाही. आणि सगळ्यात शेवटी, ब्लाऊज पीस नाही.

डीजेपर्यंत सगळे अंगठे दाखवत होते. ब्लाऊज पीसवर आल्यावर आमच्या बायकांचे अंगठे थांबले.

आता ब्लाऊज पीसइतकी टिकाऊ वस्तू जगात दुसरी नाही. एक पोपटी पीस माझ्या कपाटातून निघाला, उमरेडला माझ्या माहेरी गेला, तिथून आणखी पाच-सात लग्नं फिरला आणि माझ्याच ओटीत परत आला. ना त्याला कधी कात्री लागली, ना सुई. "याच्याहून इको-फ्रेंडली काय असते वं?" मी नातीला विचारलं. पण पोरगी ऐकेना. आणि नवरा कोण शोधला म्हणाल, तर सावनेरकडच्या कोळशाच्या खाणीत नोकरी करणारा! "तो तिकडे दिवसभर कोळसा काढते, अन् तू इकडे थर्माकोल बंद करून राहिली," मी म्हटलं. तर म्हणते, "मंग कुठंतरी भरपाई नको का, आजी?" तोंडाला कमी नाही. माझ्यावरच गेली आहे.

ओटीत पीसऐवजी कापडी पिशवी द्यायचं ठरलं. जुन्या साड्यांच्या पिशव्या, आत पालकाचं नाहीतर मेथीचं बी. शिवायचं काम माझ्याकडे, कारण मशीनही माझी आणि जुन्या साड्याही माझ्याच. कपाटातल्या साड्या काढल्या आणि महिनाभर पिशव्या शिवल्या. त्या साड्या मला कोणी-कोणी दिल्या होत्या, याचा विचार मी केला नाही. तो पुढे लोकांनी केला.

पण माझं खरं काम पिशव्या नव्हतं. मला अंतरपाट विणायचा होता.

आम्ही विणकर. आमच्या घरच्या मागच्या खोलीत खड्ड्याचा माग आहे. विणणारा जमिनीवर बसतो आणि पाय खड्ड्यात सोडून खालच्या पावड्या दाबतो. आमच्या यांनी सगळा जन्म त्या खड्ड्यात काढला. मी चाळीस वर्षं त्यांच्या शेजारी बसून चरख्यावर कांड्या भरल्या, म्हणजे धोट्यात घालायचं आडवं सूत गुंडाळून दिलं. तुटलेले धागे मी जोडले, सुताला लावायची खळ मी शिजवली, कापड धुतलं मी. आणि कोणी विचारलं की हे कापड कोणाचं, तर यांचं. भांडणाचा विषय नव्हता, रीतच ती. बाईनं मागावर बसायचं नाही. हे दुपारी झोपले की मी चोरून बसायची, चार बोटं विणायची आणि उठायची. ते उठल्यावर म्हणायचे, "आज कापड जरा जास्तच झालं वाटते." कळत होतं मेल्याला. बोलला मात्र कधी नाही.

ते गेल्यावर माग बंद पडला. खड्ड्यात आम्ही जुन्या छत्र्या आणि कूलरचं गवत ठेवायला लागलो. पण यांनी अर्धवट सोडलेल्या साडीचा ताणा, म्हणजे उभे धागे, मागावर तसाच होता. शंभर नंबरचं बारीक सूत. पाच-सहा हात कापड निघेल एवढं.

नातीला मी म्हटलं, "लग्न लावणाऱ्या महाराजांच्या पिशवीतला अंतरपाट धरू नको. मी विणून देते."

ती एकदम खूश. माझे दीर मात्र शेजारी बसून चहा पीत होते. तेही जुने विणकर, आता डोळ्याचं ऑपरेशन झालेले आणि जिभेचं राहिलेले. म्हणाले, "वैनी, तुह्यानं कांडी भरणं होते. विणणं नाही होत. लग्नात हासं होईन."

झालं. आता मला अंतरपाट विणायचा नव्हता, तर दिराच्या डोळ्यांसमोर धरायचा होता. जन्मात एक तरी कापड असं हवं होतं की ज्याच्याकडे बोट दाखवून म्हणता येईल, हे माझं.

छत्र्या काढल्या. मुलानं धरून मला खड्ड्यात उतरवलं. वर काढायलाही तोच लागायचा. त्यामुळे तो ऑफिसला गेला की मी दिवसभर तिथंच, डबा आणि मोबाईल घेऊन. जुनं सूत हात लावला की तुटायचं. एक वीत विणायला आठवडा गेला. सुनेनं सुचवलं, "आई, बाजारातून जाड सूत आणू का?" मी तिच्याकडे असं पाहिलं की ती बिचारी पोळ्या लाटायला निघून गेली. जाड सूत! जाड सुताचं पायपुसणं होते. आमच्यात कापडाची किंमत त्याच्या बारीकपणावर.

लग्नाच्या आठ दिवस आधी कापड उतरलं. पांढरंशुभ्र, दोन्हीकडे लाल काठ. खळ असल्यामुळे पापडासारखं कडक होतं. नातीनं हात फिरवला आणि तिच्या डोळ्यात पाणी आलं. आता खळ न काढता कापड दुसऱ्याच्या हातात देणं म्हणजे आमच्याकडे काम अर्धं सोडून दिल्यासारखं. म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी मी ते दोन पाण्यांतून काढलं, सावलीत वाळवलं आणि घडी करून ठेवलं. हातात फुलासारखं लागत होतं. उघडून उजेडात धरावं, हे काही सुचलं नाही.

लग्न सकाळचं, एका आमराईत. कूलरऐवजी वाळ्याच्या ताट्या, झेंडूची माळ, पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण. नंतर पंगतीत त्या द्रोणांतून पाटवडीचा रस्सा गळला, त्यामुळे वरपक्षाकडची मंडळी जरा पाय फाकवून जेवली. पिशव्यांचा कार्यक्रम तर विचारूच नका. माझी नणंद पिशवी हातात घेऊन माझ्याकडे आली.

"वैनी, हे तं मी तुले तुह्या पोराच्या लग्नात देल्ली होती!"

"हो ना. म्हणून तं जपून वापस देऊन राहिली."

"एकदा तरी नेसली होती का?"

"पिशवी छान झाली की नाही ते सांग."

तिच्या मागे आणखी दोघी आपापली साडी ओळखून उभ्या होत्या. तेवढ्यात महाराजांनी अंतरपाट मागितला म्हणून मी वाचले.

अंतरपाटावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. दोन मामांनी दोन टोकं धरली. इकडे नात, तिकडे नवरदेव. आणि कापड उघडलं.

नवरदेव दिसत होता.

थोडाथोडका नाही, आख्खा. मुंडावळ्या, मिशी, घाम, सगळं. त्याचं नाक तर बरोबर स्वस्तिकाच्या मधोमध. नातीनं त्याला पाहिलं, त्यानं तिला पाहिलं, आणि त्यानं सरळ डोळा मारला. मंडपात एक बाई फिसकन हसली, मग पूर्ण मंडप.

महाराज म्हणाले, "माय, हे अंतरपाट आहे का मच्छरदाणी?"

खळीनं बुजलेली कापडाची भोकं मीच आदल्या दिवशी धुऊन मोकळी केली होती. मी दिराकडे पाहिलं नाही. दुहेरी करा कोणी म्हणालं, पण दुहेरी केला की नवरदेवाचं डोकं वर राहत होतं. महाराजांनी शांतपणे आपल्या पिशवीत हात घातला आणि त्यांचा नेहमीचा अंतरपाट काढला. चकचकीत, वर छापील स्वस्तिक. शे-दीडशे लग्नं लावून आलेला. मामांनी माझं कापड खाली घ्यायला सुरुवातही केली.

"महाराज, ते पॉलिस्टर आहे ना?" नातीनं विचारलं.

"आहे. मग?"

"मंग ते प्लास्टिक आहे. चालणार नाही."

"अवं पोरी, मुहूर्त आहे! आडपडदा तं पाहिजे!"

"आम्ही डोळे मिटतो. आजीनं विणलं आहे ते. हेच राहीन."

'आजीनं विणलं' हे तिनं एवढ्या मोठ्यानं म्हटलं की स्वयंपाक्यालाही ऐकू गेलं. माझे डोळे भरले म्हणावं, तर मेलं हसूही येत होतं, कारण नवरदेवानं डोळे मिटायच्या नावाखाली एकच मिटला होता. मंगलाष्टकं सुरू झाली. लोकांनी अक्षता नीट टाकल्याच नाहीत. सगळे माना वाकड्या करून, त्याचा दुसरा डोळा मिटतो का हे पाहण्यात गुंग. नाही मिटला.

सगळं झाल्यावर दीर उठले. मामांच्या हातातून कापड घेतलं. दोन बोटांत चोळलं, काठ डोळ्याजवळ नेला, उलटं करून पाहिलं.

"काठ वाकडा आहे," ते म्हणाले.

"आहे."

"मधी दोन तार सुटले."

"सुटले."

घडी घालून त्यांनी ते माझ्या हातात दिलं, पाण्याचा पेला मागितला आणि जाऊन बसले. हासं झालं असं काही म्हणाले नाहीत. यांच्या कापडाला नावं ठेवताना ते अगदी असंच बोलायचे.

कापड नात सासरी घेऊन गेली. मला वाटलं, ट्रंकेत जपून ठेवेल. परवा दीर घरी आले असताना तिचा व्हिडिओ कॉल आला. मागे स्वयंपाकघराच्या खुंटीला काहीतरी पांढरं लटकत होतं, लाल काठाचं, खाली पाणी ठिबकत होतं.

"आजी, श्रीखंड करून राहिली! चक्का बांधाले याच्यासारखं कापड नाही. एक थेंब दही नाही गळत!"

दिरांनी चहाचा कप खाली ठेवला. "शंभर नंबरचं सूत, अन् दह्याले? वैनी, तू काही म्हणत काहून नाही तिले?"

"माझं कापड आहे, भाऊजी," मी म्हटलं. "माझी नात त्यातून काहीही गाळेल."