स्टेपनीच्या खड्ड्यातला डब्बा

माझी शाळा सहावीतच सुटली. त्याच्यानंतर मला हुशार असं एकदाच कोनी म्हनलं, हिंगोलीतल्या टेपवाल्यानं. गाड्यांमदी टेप, स्पीकर बसवायचं त्याचं दुकान व्हतं. त्यानं म्हनलं नसतं तर बरं झालं असतं असं मला लई दिवस वाटायचं, पन तसं बी न्हाई, त्याच्या आधीच मी बोलून बसले व्हते.

आमच्या ह्यांची जुनी पांढरी गाडी व्हती, भाड्यानं चालायची. बाकीच्या दिवसाला कोनी कोर्टात, कोनी बाजाराला, पन खरा धंदा लगनसराईचा. त्या वर्षी काय झालं का लोकं गाडी ठरवायच्या आधी इचारायला लागले, "टेप कसा हाय? दनका देतो का?" आमच्या गाडीला दारात दोन बारके स्पीकर, आवाज असा जसं कोनी मडक्यात तोंड घालून गाऊन राहिलं. एक नवरदेव तोंडावरच म्हनला, "दादा, ह्याच्यापेक्षा आमची आजी बरी गाती." हे त्या दिवशी जेवले न्हाईत.

मग वुफर बसवायचं ठरलं. वुफर म्हंजे लाकडाच्या डब्ब्यातला मोठा स्पीकर, डिक्कीत ठेवतेत. मी बी गेले संगं, लेकराला बूट घ्यायचे व्हते. दीड वर्षाचं व्हतं तवा, कडेवर. टेपवाल्यानं डब्बा डिक्कीत ठेवून दाखवला आन अर्धी डिक्की खल्लास. ह्यांनी डोक्याला हात लावला. नवरदेवाच्याच गाडीत नवरीचं आंदन येतं, भांडे, ट्रंक, गादी, रुखवताचे ताटं, ते टाकायचं कुठं? टपावर बांधलं तर नवरीकडचे रुसतेत.

"डब्बा छोटा बनाओ ना भाई," हे म्हनले.

"छोटे में दम नै आता. दनका होना या डिक्की होना, एक बोलो."

मला कोनी इचारलं नव्हतं. तरी मी बोलले. डिक्कीच्या तळाला गोल खड्डा असतो, वर झाकन, आत जादाचं चाक, स्टेपनी. म्हनलं, "स्टेपनी काढा आन ह्या खड्ड्यात बसवा की डब्बा. आंदन झाकनावर."

टेपवाला वाकला, वितीनं खड्डा मोजला आन हसाय लागला. "भाभी का दिमाग देखो! मेरेकू इतने साल में नै सूझा."

"आन स्टेपनी?" हे म्हनले.

"घरी ठेवू. कितींदा लागती ती?"

ह्यांनी मनात हिशोब केला. "वर्षात एकदा बी न्हाई लागत," म्हनले.

येताना गाडी अशी दनदनत व्हती का माझ्या छातीत वाजायचं, आन लेकरू मांडीवर टाळ्या वाजवून राहिलं. हे मला सारखं चिडवायचे, "मास्तरीनबाई, आता पुढं कोनता रस्ता घ्यायचा?" मला लई ग्वाड वाटलं, खोटं काहून सांगू. गावात दुसरे डायव्हर पाहायला आले, ह्यांनी झाकन उचलून दाखवलं. त्या लगनसराईत आमची गाडी एक दिवस घरी न्हाई राहिली.

स्टेपनी अंगनात पडली. मी तिच्यावर लेकराला बसवून आंघूळ घालायची. मधल्या खोलगट जागेत पानी साचायचं, लेकरू त्यात हातानं थापट्या मारायचं.

मग उन्हाळ्यात एक दिवस लेकराला सकाळपासून ताप. सासू म्हनली, "दात येऊन राहिले, उगं घाबरू नको." दुपारी डोळे वर गेले आन अंग ताठ. झटके. मी वरडले, हे जेवत्या ताटावरून उठले, गाडी दारातच व्हती. अंगनातून पळताना मी त्या स्टेपनीला ठेचकाळले. तिला शिवी दिली आन ओलांडून गेले. ओलांडून गेले मी. माझ्या डोक्यात आलंच न्हाई का ही इथं हाय म्हंजे गाडीत न्हाई.

कनेरगाव नाका मागं पडला आन थोड्या वेळानं गाडी एका अंगाला वढाय लागली. हे उतरले. मागचं चाक बसलं व्हतं. पळत डिक्कीकडं गेले, झाकन उचलल्याचा आवाज आला, आन मग काहीच आवाज न्हाई. मी दारातून मान बाहेर काढून पाह्यलं तर हे खड्ड्याकडं पाहत उभे. जॅक व्हता, पाना व्हता, चाक तेवढं नव्हतं.

दोन्हीकडं नांगरलेले वावरं, सावली न्हाई, मानूस न्हाई. हे रस्त्याच्या मधोमध हात जोडून उभे. एक जीप गच्च भरलेली, थांबलीच न्हाई. लेकराचं अंग माझ्या हातात उड्या मारायचं, मग थांबायचं, मग पुन्हा. मी पदर वला करून कपाळावर ठेवत व्हते, तो लगेच वाळायचा. किती येळ गेला मला खरंच सांगता येत न्हाई, दवाखान्यात बी बाईनं तेच इचारलं, "कवापासून झटके येऊन राहिले?" शेवटी एक ट्रक थांबला, त्यानं नेलं. तवर अंग उडायचं बंद झालं व्हतं. मला वाटलं बरं वाटून राहिलं त्याला. मी ट्रकवाल्याला तसं म्हनले बी, "भाऊ, शांत झोपलं बघा." त्यानं माझ्याकडं पाह्यलं न्हाई.

दवाखान्यातल्या बाईनं लेकरू हातात घेतलं, आत नेलं. जितं परत दिलं न्हाई.

घरी कोनी मला काही बोललं न्हाई. भेटायला आलेल्या मानसांना हे एकच सांगायचे, "माझी चूक, मीच स्टेपनी काढली." मी भिताडाला टेकून ऐकायची. एकदा बी मी म्हनले न्हाई, "न्हाई हो, ती माझी अक्कल व्हती." भ्याव वाटायचं, सासू माहेरी पाठवून देईल. ह्यांनी बी त्यात माझं नाव कवाच काढलं न्हाई, रागात बी न्हाई. एकदा काढलं असतं तर मी रडून मोकळी झाले असते. गाडी इकली ह्यांनी, डब्ब्यासगट. स्टेपनी मागितली घेनाऱ्यानं, तर हे मला म्हनले, "तू दे आनून." मी ती लोळवत नेली. खोलगटात साबनाचा पांढरा थर तसाच व्हता.

परवा वसमतला धाकट्या बहिनीचं लगीन झालं. मी पाठराखीन, तिच्यासंगं सासरी जायचं, मांडीवर माझी आताची पोरगी, सात महिन्याची. नवरदेवाची गाडी आली ती दनका देतच. आंदन भरताना बाया म्हनल्या, "अगं बाई, केवढी डिक्की! एवढा आवाज आन डब्बा तर दिसत न्हाई कुठं."

मी डायव्हरला इचारलं, "भाऊ, स्टेपनी कुठंय?"

तो हसला. "घरी हाय ताई. तिच्या जागी डब्बा बसवलाय. हिंगोलीत समद्याच गाड्यांला असंच करून देतेत आता. डोकं पायजे!"

"स्टेपनी आनल्याबिगर मी बसनार न्हाई," मी म्हनले. समदा मांडव हसला. नवरदेवाचा मामा म्हनला, "पाठराखीन रुसली, हिला साडी द्या कोनी!" लग्नात ते कोनतं तोंड घेऊन सांगायचं. बहिनीनं माझा हात वढला. मी बसले.

खाली डब्बा वाजून राहिला, माझ्या पोरीच्या पाठीला तो दनका लागायचा आन ती खुदकन हसायची. मी सारा रस्ता चाकाचा आवाज ऐकत व्हते.

पोचलो. काही झालं न्हाई. तशाच गाड्यांनी समदे पोचून राहिलेत.