नाव राखून ठेवलंय

स्पिरिटचा वास आला की डिचोलीकडच्या छोट्या इस्पितळातली एक दुपार आठवते. मी तिथे नर्स होते. सुर्ल्याच्या एका ट्रक ड्रायव्हरचं हृदय बंद पडलेलं, मी त्याची छाती दाबतेय आणि त्याची बायको काही त्याचे पाय सोडेना. “नातेवाईक बाहेर!” डॉक्टर गरजले. “राहू द्या हो, कुठे आड येतेय ती?” मी म्हटलं. शॉकपुरतं तिला मागे ओढलं. ठोके परतले, पण डोळे उघडेनात. “नावाने हाक मारा,” डॉक्टर शेवटी तिलाच म्हणाले. “घोवाचा नाव कसा घेव?” ती गांगरली; नवऱ्याचं नाव तिने कधी उच्चारलंच नव्हतं. मग डोळे गच्च मिटून तिने अशी आरोळी ठोकली की अख्खं इस्पितळ दचकलं! त्याने हळूच एक डोळा उघडला आणि तिलाच जाब विचारला, “नाव कित्याक घेतलंस गो?” तेव्हापासून डॉक्टर स्वतःच दारात जाऊन विचारू लागले, “घरचं कोण आहे? आत या.” मी मात्र घरी नवऱ्याला आजही ‘अहो’च म्हणते. नाव राखून ठेवलंय, वेळेला लागेल म्हणून.