पत्रिकेतली शेवटची ओळ

लग्नपत्रिकेच्या कोपऱ्याला लावलेल्या हळदीचा वास आला की मला देवासची ती भाड्याची खोली आठवते. नवऱ्याचं घर सोडून मी लेकीला घेऊन तिथे राहत होते. ती पहिलीत, शाळा हिंदी, म्हणून मराठी वाचायला मी घरी शिकवायचे. मराठी पुस्तकं तिथे कुठली मिळायला, तेव्हा नातेवाइकांच्या पत्रिकांवरूनच. एका दुपारी धारहून माझ्या धाकट्या भावाच्या लग्नाची पत्रिका आली. लेक बोट ठेवून पहिल्या ओळीपासून वाचत गेली, पहिल्यांदाच कुठे अडली नाही, आणि मी कौतुकाने ऐकत राहिले. शेवटी ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ आणि त्याखाली माझ्या बहिणीच्या दोन्ही मुलांची नावं. लेकीने पत्रिका उलटूनही पाहिली. “मम्मी, मामा तो मेरे भी हैं ना?” मी आईला फोन लावला. “तिचं नाव टाकलं की लोक जावईबापूंचं विचारतात गं,” आई म्हणाली, “तू तरी समजून घे.” काल माहेरची आणखी एक पत्रिका आली. आता कॉलेजात जाणाऱ्या लेकीने ती न उघडताच माझ्याकडे सरकवली. “तूच वाच, मला कुठे मराठी वाचता येतं.” तिला येतं. मीच शिकवलंय.