व्यंकटरावांच्या दाढेवरचं सोनं

शालूबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या आणि व्यंकटराव ओसरीवर बसून जिभेनं आपली नुकतीच दुरुस्त केलेली दाढ चाचपत होते. सारा उन्हाळा त्या दाढेच्या ठणक्यापायी त्यांनी मऊ भातावर काढला होता. आज पहिल्यांदा भाकरी चावायची होती. तेवढ्यात दाराची कडी वाजली.

दारात त्यांची आत्या भिकाबाई, डोळ्याला पदर लावून. मागं निम्मं हट्टा गाव.

"येंकटा, काहून रे एवढी घाई केलीस?" म्हणत तिनं त्यांच्या गळ्यातच हात टाकले.

झालं होतं असं. एक्केचाळीस साली दाढेवर सोन्याचं टोपण बसवलेला माणूस हट्ट्यानं पाहिला नव्हता. हैदराबादेहून परतल्यावर व्यंकटरावांनी पारावर बसून ऐसपैस जांभई दिली, ती शेजारच्या ग्यानबानं पाहिली. त्या मुलखात माणसाच्या तोंडात सोनं पडतं ते शेवटच्या घडीला, तुळशीच्या पानाबरोबर. ग्यानबानं बराबर ताळा जुळवला: डॉक्टरनं हात टेकले, आणि ऐन वेळी घरच्यांना तकलीफ नको म्हणून सोनं तिथूनच घालून पाठवलं.

"आत्या, दाढ किडली व्हती," व्यंकटराव म्हणाले. "भोक बारीक असतं तर डॉक्टर नुसतं बुजवून देणार व्हता. पण कीड काढल्यावर कडंच्या भिंतीच राहिल्या, त्याबी पातळ. घास चावताना दाढ उभी चिरली असती. म्हणून वरून टोपण घातलं."

"व्हय बाबा. आमच्या ह्यान्लाबी शेवटपर्यंत सर्दीच म्हणून सांगितलं व्हतं."

मग ग्यानबानं "आ करा" म्हटलं आणि रांग लागली. ज्यानं त्यानं आत डोकावून हात जोडले. कोणी मऊ खिचडी आणली, कोणी पेज. एवढी माणसं रडून राहिलेली पाहून शालूबाईंचाही धीर सुटला. त्यांनी तापलेला तवा उतरवून ठेवला. "आवं, आता दूधभातच खावा."

भिकाबाई मात्र जवळ सरकली. "येंकटा, मलाबी एक आणून दे. आमची पोरं ऐन वेळी सोनं हुडकत बसतील."

"आत्या, तुझ्या तोंडात दात कुठं हाय? टोपणाला खाली दात लागतो, त्याची मुळी घट्ट लागते. आन् धड दातावर तर कोणी घालतच न्हाई."

"मंग दातासकट आण."

ग्यानबानं मान डोलावली. "माणूस जाताना असंच बोलतंय. समदं उलगडून सांगतंय."

दुपार कलली. समोर दूधभाताचं ताट होतं, त्याच्या बाजूला खिचडी, तिच्या बाजूला पेज. चूल विझत आली होती. व्यंकटरावांनी सगळ्यांकडे एकवार पाहिलं. गर्दीतला एक म्हातारा आता शेवटची इच्छा विचारायला पुढं झाला.

व्यंकटराव बायकोला म्हणाले, "मला एक भाकर दे. कडक."